मला दोन छत्र्या दिसल्या

सकाळी मी अगदी बरी असते. या आजाराचं सगळ्यात वाईट तेच आहे.

ज्यांना हे वाक्य वाचताच कळलं, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. ज्यांना कळलं नाही, त्यांच्या घरात कदाचित असं एखादं माणूस असेल, जे सकाळी हसत चहा करतं आणि संध्याकाळी तोच कप दोन्ही हातांनीही उचलू शकत नाही. मग घरचे म्हणतात, नाटकं आहेत सगळी. त्या घरच्यांनीही हे वाचावं.

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. नाव घेण्यातच निम्मी ताकद जाते. मेंदू हुकूम सोडतो, पण तो स्नायूंपर्यंत धड पोचत नाही. जितकं वापराल तितकं अंग थकतं, विसावा दिला की पुन्हा थोडं चालतं. याहून जास्त डॉक्टरी माहिती मी देणार नाही, त्याला डॉक्टर आहेत.

मी विद्या. बनारसला दूधविनायकाच्या गल्लीत राहते, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. आमचे पूर्वज कोकणातून इथं नेमके कधी आले यावर आई आणि दादा यांचं अजून एकमत झालेलं नाही. घरात आम्ही तिघंच. आई, मी आणि दादा. दादा माझ्याहून बराच मोठा, दुर्गाघाटावर पौरोहित्य करतो. वहिनी गेल्यापासून तो मंत्रांखेरीज फारसं बोलत नाही, आणि बोललाच तर टोचून बोलतो. मी लग्न केलं नाही. त्याचं कारण विचारणारे आता थकले.

शेतातला दोर

आमच्या गल्लीत वर पाहिलं तर आकाशाची एक चिंधी दिसते, तीही वायरींच्या मधून. मी वर्गात मोसमी वारे शिकवायची, व्यापारी वारे शिकवायची, आणि स्वतःच्या घरात वारा कुठून येतो हे मला सांगता आलं नसतं. एका हिवाळ्यात मुलींची सहल घेऊन रामनगरच्या पुढे गेले होते. बसच्या खिडकीतून दिसलं, की एका मोकळ्या शेतात माणूस चार पावलं धावला आणि दोराला बांधलेल्या पतंगासारखा सरळ वर गेला. मुली ओरडल्या. मी ओरडले नाही, पण पुढच्या रविवारी तिथं हजर झाले.

तो पॅराग्लायडिंगचा क्लब होता. आमच्याकडे डोंगर नाहीत, त्यामुळे कड्यावरून उडी मारायची सोय नाही. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे विंच. एका जुन्या जीपच्या मागे इंजिन आणि त्यावर दोराचं भलंमोठं रीळ. शेताच्या त्या टोकाला विंच, या टोकाला तुम्ही. तिकडचा माणूस दोर गुंडाळत जातो आणि तुम्ही वर चढत जाता. पुरेसं वर गेलात की छातीशी असलेला हूक ओढून दोर सोडून द्यायचा, आणि पुढे तुम्ही आणि वारा. ओढणाऱ्याला तुमचा चेहरा दिसत नाही, तुम्हाला त्याचा. मध्ये असतो एक वॉकीटॉकी. तो बंद पडला तर पाय. दोन्ही पाय फाकवले, की त्याचा अर्थ ओढणं थांबवा.

क्लब चालवायचे तिवारीजी. पन्नाशी उलटलेले, बारीक, कमी बोलणारे. नव्या माणसाला पहिले कित्येक आठवडे ते उडू देत नसत. दोर ओढून आणा, छत्री वाळवा, तिची घडी घाला, विंचशेजारी बसून बघा. 'विंग' म्हणायचं असतं, पण शेतावरचे लोक छत्री म्हणत, आणि मलाही तेच आवडलं. त्यांचा एकच कडक नियम होता. शेतात उभ्या असलेल्या कुणालाही, अगदी चहा आणणाऱ्यालाही, काही खटकलं तर त्यानं 'रोको' म्हणायचं, आणि उड्डाण थांबायचं. का थांबवलं, हे छत्रीची घडी होईपर्यंत विचारायचं नाही. विचारलं की माणूस पुढच्या वेळी बोलायला कचरतो, असं त्यांचं म्हणणं.

घरी सांगितलं तेव्हा आईनं फक्त विचारलं, "साडी नेसून जमतं का गं?" दादा जेवता जेवता म्हणाला, "खिचडीला लोक पतंग उडवतात, विद्ये. स्वतः पतंग होत नाहीत." संक्रांतीला इथं खिचडी म्हणतात. मग त्यानं आणखी एक टोला दिला. "सारी दुनिया मरायला काशीत येते. आणि तू मरायला काशीच्या बाहेर चाललीस."

मी जात राहिले. तिवारीजींबरोबर जोडीनं वर गेले, मग एकटी, कमी उंचीवर. पुढची पायरी होती पूर्ण दोरावर एकटीनं वर जाणं आणि आपल्या हातानं दोर सोडणं. मला आयुष्यात फार थोड्या गोष्टी इतक्या मनापासून हव्याशा वाटल्या आहेत.

रोको

तो दिवस आला तेव्हा माझी पाळी शेवटची होती. दिवसभर इतरांचे दोर ओढून मी दमले होते, पण त्या दमण्याचं काही वाटत नव्हतं. छत्री डोक्यावर उभी राहिली. नियमाप्रमाणे वर बघितलं, दोऱ्या सरळ आहेत ना ते पाहायला, तर वर दोन छत्र्या होत्या. एकीवर एक चढलेल्या. मी एक डोळा मिटला, एक छत्री गेली. उघडला, परत आली. उन्हाची तिरीप असेल, म्हटलं.

"विद्याजी, तैयार?" तिवारीजींनी विचारलं.

मी हो म्हटलं. माझाच आवाज मला नाकातून आल्यासारखा वाटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि म्हणाले, "रोको."

मी भडकले. नियम, घडी, सगळं विसरले. "क्यों रोका? मेरी बारी थी!" ते एवढंच म्हणाले, "विंग लपेट लीजिए." छत्रीची घडी झाल्यावर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आपकी बाईं पलक गिर रही है. हँस रही थीं तो मुँह भी एक तरफ़ से कम खुल रहा था. डॉक्टर को दिखा लीजिए."

मी परतीच्या वाटेत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. बाई आहे म्हणून एकटीला वर सोडायला घाबरले, असं मी ठरवून टाकलं होतं.

निदान होईपर्यंत

आईच्या मते नजर लागली होती. तिनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पापणी खरंच ठिकाणावर होती. आईला केवढा आनंद झाला! संध्याकाळी पापणी पुन्हा खाली. चष्म्याच्या दुकानदारानं नंबर बदलून दिला. दादा म्हणाला, वारा लागला. शेवटच्या तासाला माझा आवाज गेंगाणा व्हायला लागला, तेव्हा मुलींना वाटलं बाई कुणाची तरी नक्कल करताहेत. मग खाणं. कचौरी चावता चावता जबडा दमायचा आणि मी हनुवटीला खालून हाताचा आधार देऊन चावायची. आई ते बघून म्हणाली, "अशी विचारात पडल्यासारखी का जेवतेस?"

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. दादा बरोबर होता. डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी मला छताकडे बघत राहायला सांगितलं. मी बघत राहिले आणि माझ्या दोन्ही पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली आल्या. वर ढकलायला गेले तर जाईनात. मग त्यांनी हातमोज्यात बर्फ भरून पापणीवर धरला, आणि थोड्या वेळानं डोळा उघडला. दादा खुर्चीतून उठलाच. "बर्फानं बरं होतं! अहो, एवढंच होतं तर..." त्याचा चेहरा इतका उजळला होता, की डॉक्टरीणबाईंना पुढचं सांगायला वेळ लागला. बर्फानं फक्त ओळख पटते. आजार जन्मभराचा असतो, ताब्यात राहतो, बहुतेक वेळा.

मी एकच प्रश्न विचारला. मला उडता येईल का? त्यांना वाटलं मी विमानाबद्दल बोलते आहे. दोर आणि विंच समजावल्यावर त्या म्हणाल्या, "पहले ये देखते हैं कि पानी ठीक से निगल पाती हैं या नहीं."

घरी येताना दादा आणि मी रिक्षात शेजारी बसलो होतो. मला रडायचं होतं, पण संध्याकाळ झाली होती, आणि रडायला चेहऱ्याचे इतके स्नायू लागतात हे मला त्या दिवशी कळलं.

सकाळी तर ठीक होतीस

गोळ्या सुरू झाल्या आणि थोडं बरं वाटलं. त्या थोड्यानंच घात केला. रविवारी सकाळी गोळी घेऊन मी शेतावर जायची. उडायला नाही, तिवारीजींनी तर दोराला हात लावू दिला नाही. नुसती बसायची. दुपारी घरी आले की अंथरुणाला पाठ. एकदा संध्याकाळी आईला ताप होता आणि पोळ्या माझ्यावर आल्या. एक लाटली. दुसरीला हात खांद्यातून निखळल्यासारखे झाले. लाटणं ठेवून मी ओट्याला टेकून उभी राहिले. दादा दारात आला.

"शेतात हुंदडायला ताकद असते. पोळ्या लाटायच्या म्हटलं, की गळाठलीस?"

"दादा, माझ्यानं होत नाही रे."

"सकाळी तर बिलकुल ठीक होतीस!"

हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. भांडायलाही ताकद लागते आणि ती संध्याकाळी नसते. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. त्यानं मुकाट्यानं बाजारातून पुऱ्या आणल्या. माझ्या ताटात वाढल्या आणि स्वतः न जेवता वर निघून गेला. अशा वेळी रागवावं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी नव्यानं या वाटेवर असेल तर एवढं ऐका. घरच्यांना संध्याकाळी काही समजावू नका. सकाळी, अंगात बळ असताना, संध्याकाळ कशी असते ते सांगा. मला हे फार उशिरा सुचलं.

गल्लीतून

थंडीत मला खोकला झाला. अबोला चालूच होता, पण दादानं खोकला ऐकला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्यांची एक पट्टी आणून पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवली. आमच्या गल्लीत खोकला झाला की सगळ्यांना तीच मिळते. विचारल्याशिवाय कुठलंही औषध घ्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणली त्यानं, घेतली मी. भावानं न बोलता ठेवलेली गोळी होती, ती नाकारायचं माझ्या मनातही आलं नाही. काही औषधं या आजारात विषासारखी वागतात हे तेव्हा आम्हा दोघांच्या डोक्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला थुंकी गिळता येईना. मान उशीवरून उठेना. श्वास आत जायचा, पण अर्ध्यावरून परत यायचा. आईनं खिडकीतून हाका मारल्या. दादा दुर्गाघाटावर कुणाच्या तरी घरी पूजेला बसला होता, तो तसाच सोवळ्यात धावत आला, आणि त्याच्याबरोबरचे तिघंही तसेच.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. खुर्चीत बसवायला गेले तर माझी मान लटकायची. स्ट्रेचर कुठलं आणणार? कुणीतरी चुन्याच्या कामाची बांबूची शिडी आणली, त्यावर सतरंजी अंथरली, मला पाठीशी उशा लावून निजवलं, गार वारा लागू नये म्हणून आईनं गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली आणि दोन ठिकाणी बांधली. चार उघडेबंब ब्राह्मणांनी शिडी खांद्यावर घेतली, आणि आम्ही निघालो.

काशीच्या गल्लीत खांद्यावरून काय जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

दुकानदार उभे राहिले. एका बाईनं मुलाचं डोकं पदराखाली घेतलं आणि हात जोडले. कुणी तरी "राम नाम सत्य है" म्हणालं, सवयीनं, हळूच. मी एका डोळ्याच्या फटीतून हे सगळं पाहत होते. पुढे चौकात आम्ही रस्त्याकडे वळलो, तेव्हा पानवाला ठेल्यावरून वाकून ओरडला, "अरे महाराज, उधर कहाँ? घाट इधर से पड़ी!" बिचारा वाट दाखवत होता. त्याच्या दृष्टीनं आम्ही चुकलो होतो.

आता मी हा प्रसंग सांगते तेव्हा लोक हसतात, आणि मीही हसते. पण तेव्हा मी जितकी घाबरले तितकी त्याआधी कधी घाबरले नव्हते. मरणाला नाही. मला वाटलं, हे सगळे इतक्या खात्रीनं हात जोडताहेत, तर खांदा देणाऱ्यांनाही हळूहळू तसंच वाटायला लागेल. दादालाही. माझा चेहरा हलत नव्हता. आवाज नव्हता. मी जिवंत आहे हे सांगायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

मग पाय आठवले. आवाज पोचत नाही तिथं पाय. मी सगळं बळ एकवटून चादरीखाली पाय फाकवले. फार नाही, वीतभर. मागचा उजवा खांदा दादाचा होता.

"हलतेय!" तो ओरडला. "पाय हलवतेय! हटा, सगळे हटा! बहन है मेरी, ज़िंदा है! ज़िंदा है!"

आयुष्यभर मंत्र म्हणून कमावलेला तो आवाज गल्लीत असा फुटला, की मध्ये उभा असलेला सांडसुद्धा बाजूला झाला. रस्त्यापर्यंत तो हेच ओरडत राहिला. अॅम्ब्युलन्सचं दार बंद होताना मला त्याचा घोगरा झालेला आवाज ऐकू येत होता, "ज़िंदा है, भाई, ज़िंदा है," कुणी विचारत नसतानाही.

नळी

अतिदक्षता विभागात माझ्यासाठी श्वास घेणारं यंत्र होतं. घशात नळी, त्यामुळे बोलणं नाही. पहाटे अंग पुसणं, मग घशातला कफ ओढून काढणं, ते असह्य असतं, खोटं कशाला सांगू. दिवे कधी विझत नाहीत. शेजारच्या खाटेवरचं माणूस बदलतं, आणि आधीचं कुठं गेलं ते विचारायचं नसतं. मी यंत्राला मनात शिव्या द्यायची आणि ते बंद पडलं तर, या विचारानं घामाघूम व्हायची.

उपकारही झाले. एक सिस्टर होती, ती माझी पापणी बोटानं उचलून धरायची आणि म्हणायची, "देखिए दीदी, धूप निकली है." खिडकी माझ्या मागे होती, ऊन फक्त समोरच्या भिंतीवर पडायचं. तेवढं पुरायचं. आईला थोडा वेळ आत सोडायचे. ती प्रार्थना वगैरे काही करायची नाही. गल्लीतल्या बातम्या सांगायची. कुणाकडे नळ फुटला, कुणाच्या सुनेनं काय उत्तर दिलं. सगळीकडे हिंदी, इंग्रजी, यंत्रांचे आवाज, आणि त्यात तिची कुजबुज मराठीत. मला ती जाईल म्हणून आधीपासूनच रडू यायचं.

याच दिवसांत बाहेर जे घडलं ते मला नंतर आईनं सांगितलं. तिवारीजी भेटायला आले होते. दादा त्यांना व्हरांड्यात गाठून वाट्टेल ते बोलला. तुमच्या दोरानं हे झालं, गळ्याला झटके बसले, शिकल्यासवरल्या बाईला नादी लावलंत. तिवारीजी मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पंडितजी, उस दिन मैंने उन्हें उड़ने नहीं दिया था. पलक गिर रही थी. तब से मुझसे नाराज़ हैं."

दादानं विचारलं, कधीची गोष्ट? त्यांनी सांगितलं. दादा तिथल्याच बाकावर बसला. आई म्हणते, मग तो फक्त एवढंच म्हणाला, "आम्ही रोज एका पंगतीत जेवतो, आई. आणि पाहिलं कुणी, तर शेतातल्या माणसानं."

त्यानंतर दादा मला कधीही "सकाळी तर ठीक होतीस" म्हणाला नाही.

नंतर

नळी निघाली. पुढे छातीतली एक ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन झालं, त्याचा व्रण मी पदरानं झाकत नाही. गोळ्या घड्याळाच्या गजरावर चालतात. शाळेनं मला सकाळचे तास दिले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला दादानं स्वतः जाऊन माझ्या आजाराचं नाव पाठ करायला लावलं. चुकला की पुन्हा म्हणायला लावायचा, पाठशाळेत मुलांना लावतात तसं. वाईट दिवस अजून येतात. आले की महिनाभर मुक्काम करतात, आणि आपण पुन्हा तिथंच पोचलो असं वाटतं. तसं वाटलं तरी आपण तिथं नसतो. हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंना मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी त्यांना कळला. "अकेले नहीं," त्या म्हणाल्या. "कभी नहीं." हूक ओढायच्या क्षणी बोटांनी ऐकलं नाही तर काय होईल, हे मला त्यांच्याहून चांगलं ठाऊक होतं. विंच चालवणंही नाही, कारण तिथं दुसऱ्याचा जीव माझ्या डोळ्यांवर असतो. मी घरी आले आणि रडले. या वेळी सकाळ होती, त्यामुळे नीट रडता आलं.

पुढच्या वर्षी थंडी सरता सरता एका सकाळी शेतावर गेले. दादा बरोबर आला. आताशा मी कुठंही निघाले की तो चपला घालून तयार असतो. शेताच्या बांधावर उपरणं झटकून बसला आणि धुळीबद्दल तक्रार करत राहिला. तिवारीजी म्हणाले, "चलिए, मेरे साथ चलिए ऊपर. आप बस बैठी रहिएगा."

मी नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असावं. पण मला एकदा चौघांनी उचलून नेलं आहे. पुन्हा कुणी मला उचलून न्यावं हे मला नको होतं, कुठंही, वरसुद्धा.

"फिर ज़मीन पर खेलिए," ते म्हणाले. जमिनीवर खेळणं म्हणजे दोर नाही, विंच नाही. वाऱ्याकडे तोंड करून छत्री डोक्यावर उभी करायची आणि तोलत राहायचं. नवशिक्यांना ते पहिल्यांदा शिकवतात. मी पट्टे बांधले. हात ठीक होते. छत्री एका दमात वर आली, आणि ते वजन खांद्यांवर आलं, जिवंत, ओढाळ. तिवारीजींनी बांधाकडे हाक मारली, "पंडितजी, ज़रा पीछे से पकड़िए. हवा तेज़ है."

दादा धोतर खोचत आला आणि त्यानं पाठीमागून माझा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "हे असं? की असं?" मी डावीकडे सरकले की तोही सरकायचा, पुटपुटत. मग झोत आला. माझ्या टाचा उचलल्या, मग चवडे. बस, वीतभर. माझ्या पायांखाली जमीन नव्हती. दादानं मला खाली खेचलं नाही. त्याच्या मनगटांचा ताण मला पट्ट्यातून कळत होता.

"विद्ये," तो मागून म्हणाला. आवाज पूजेतला नव्हता, बारीक झाला होता. "सोडू?"

मला तेच हवं होतं. किती हवं होतं ते त्यालाही माहीत होतं, म्हणून तर त्यानं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "धरून ठेव. फक्त खाली ओढू नकोस."